साहेबाचे बूट, आमची नाचणी

फुकटची वस्तू आमच्या घरात आधी अंगणाच्या कडेला ठेवली जायची. आत यायची नाही. बा तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, आये वाकून वास घ्यायची, आणि मग दोघं ओटीवर बसून ती देणाऱ्याला आमच्याकडून काय हवं असेल यावर बोलत राहायची. सरकारी दवाखान्यातली गोळी असो की लाकडाच्या कंत्राटदारानं वाडीवर पाठवलेली गुळाची ढेप असो, रीत तीच. ती ढेप तिथंच मुंग्यांनी संपवली. बा म्हणाला, "बगू, आता मुंग्यांकडनं काय मागतोय त्यो." त्यामुळे जंगल खात्याच्या साहेबानं माझ्या थोरल्या भावाला, सोमाअण्णाला, धावायचे बूट दिले तेव्हा तेही अंगणाच्या कडेलाच बसले, आणि पाऊस आला तरी कुणी उचलून आत घेतले नाहीत.

आमची वाडी गुंद गावाच्या अलीकडं, गाडीरस्ता सोडून जंगलात शिरल्यावर. चार घरं. कुडाच्या भिंती, वर गवताचं शाकार. पावसाळ्यात जात्याची घरघर आणि छपरावरचा पाऊस एकमेकांत इतके मिसळून जायचे की आये जातं थांबवायची तेव्हाच कळायचं, बाहेर पाऊस केव्हाच थांबलाय. चुलीवर टांगलेल्या मांडवीवर आमसुलं वाळत पडलेली, त्यांना धुराचा वास. कारवारकडून आलेले सुके बांगडे निखाऱ्यावर टाकले की शेजारची मांजरंसुद्धा नात्यातली असल्यासारखी ओटीवर येऊन बसायची. खालच्या चिंचोळ्या खाचरात भात व्हायचं, पण ते शिमग्यापर्यंत पुरायचं नाही. त्यापुढं पोटाला नाचणी. तिची भाकरी, तिची आंबील. आणि ती नाचणी कुठून यायची हे बाहेरच्या माणसापुढं बोलायचं नाही, हे मला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

ती यायची कुमरीतून. डोंगराचा एक तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, आणि दोनतीन हंगामांनी तो तुकडा जंगलाला परत देऊन दुसरीकडं जायचं. आजा-पणजांनी हेच केलं. मग सरकारला कळलं की आमच्या डोंगरावर सागवान उभं आहे आणि सागवानाला किंमत आहे. त्या दिवसापासून आमची शेती ही जंगलाची नासाडी झाली आणि कंत्राटदाराची तोड ही व्यवस्था झाली! हे वाक्य मी तेव्हा एका पत्रकात लिहिलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द बदलायची मला गरज वाटत नाही. कुमरी बंद झाली. सापडली तर उभं पीक जाळायचे आणि कर्त्या माणसाला सुप्याच्या कचेरीत नेऊन बसवायचे. आमच्या चार घरांची नाचणी त्या साली रस्त्याच्या वरच्या कड्यामागं होती, खालून कुणाला दिसणार नाही अशी.

मी नुकताच बेळगावहून परतलो होतो. मामाकडं राहून सात यत्ता शिकलो, आणि शिकता शिकता एका छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालायला लागलो. घड्या घालताना वाचायला लागलो, वाचताना चिडायला, आणि चिडल्यावर लिहायला. पत्रकाची भाषा एकदा अंगात भिनली की माणसाला साधं बोलता येत नाही. मी चुलीपाशी बसून म्हणायचो, "भाकरी हा आमचा हक्क आहे!" आये म्हणायची, "हक्क तव्यावर हाय, उलटून घे. करपंल."

श्रावणात गुंदच्या देवळापुढं साहेबाच्या कारकुनानं शर्यत जाहीर केली. कार्तिकात, पाऊस पुरता उघडल्यावर, कुळगीच्या लाकडाच्या डेपोपासून गुंदपर्यंत गाडीरस्त्यानं पळायचं. पंचवीस-सव्वीस मैल. विलायतेत याला मॅरेथॉन म्हणतात, कारकुनानं सांगितलं. जुन्या काळी एक शिपाई लढाई जिंकल्याची बातमी द्यायला तेवढं अंतर पळत गेला होता.

"मग त्या शिपायाचं काय झालं?" बानं विचारलं.

"पोचला. बातमी दिली आणि मेला."

"बरं," बा म्हणाला, आणि माझ्याकडं वळून हळूच, "आनि ह्ये आमास्नी कशाला शिकवत्यात?"

मग बक्षीस ऐकलं. पहिला येईल त्याला पुढच्या हंगामासाठी कुमरीचा परवाना. शिक्क्याचा. एका माणसाला, एका डोंगरावर.

माझ्या डोक्यात जाळ झाला. सगळ्यांचं होतं ते सगळ्यांकडून काढून घ्यायचं, आणि त्यातला एक तुकडा, कुत्र्यापुढं हाड टाकावं तसा, जो जास्त पळेल त्याच्यापुढं टाकायचा! मी तिथंच बोलायला उभा राहिलो. अण्णानं मला सदऱ्याला धरून खाली बसवलं. तो कारकुनाकडं बघत होता. अण्णा माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, लांब टांगांचा, कमी बोलणारा. गव्याच्या मागं तो डोंगर चढायचा तेव्हा कुत्री मागं पडायची. त्याला हिणवायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. त्याला तो कागद हवा होता. भीती न बाळगता एकदा तरी नाचणी पेरायची, भर दुपारी कापायची, आणि गाडीरस्त्यानं घरी आणायची, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं आंगठा दिला आणि बूट घेऊन घरी आला.

ते बूट मी अंगणात उकिडवा बसून तपासले. वर पांढरं कापड, खाली काळा रबरी तळवा, आणि तळव्यावर चौकड्या, जाळीसारख्या. आयेनं वास घेतला आणि म्हणाली, "ह्यास्नी भुताचा वास येतोय." बानं तळवा वाकवून पाहिला. "लई मऊ हाय. मऊ वस्तू का देत्यात कुणी?" मी म्हटलं, चौकड्या बघा. आपला अनवाणी पाय चिखलात उमटला तर तो या मुलखातल्या कुठल्याही माणसाचा पाय असतो. या चौकड्या उमटल्या तर तो सोमाचा पाय. सरकार आपल्याला बूट देत नाही, आपल्या पायावर शिक्का मारतंय! अण्णा म्हणाला, "पत्रक संपलं आसंल तर पायात घालून बगू काय?"

अलीकडं माझा नातू शाळेच्या शर्यतीसाठी रामनगरच्या बाजारात बूट घ्यायला गेला तेव्हा मला बरोबर नेलं होतं. दुकानदार कापड दाखवत होता, रंग दाखवत होता. मी प्रत्येक बूट उलटा करून तळवा बघत होतो. नातू लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला काय सांगणार?

बुटांबरोबर कारकुनानं सरावाचा कागदही दिला होता. तो मी मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. रोज धावावं, रोज निराळ्या वाटेनं धावावं, चढ-उताराच्या पाऊलवाटा धराव्यात, आणि कुठल्या वाटेनं गेलो ते दर आठवड्याला आपल्या भागातल्या गार्डला येऊन सांगावं. "बघा!" मी म्हणालो. "ही शर्यत न्हवं, ही मोजणी हाय! जंगलात कुठली वाट कुठं जाते हे यांच्या नकाशात न्हाई. ते आपल्याच पायांनी काढून घेणार." बाची मान हलली. माझं म्हणणं त्याला पटलं असं आयुष्यात फार वेळा झालं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

मग मी माझा सराव मांडला. बेळगावात तालमीच्या दारात उभा राहून जे ऐकलं होतं ते सगळं: पहाटे दंड आणि बैठका, बदाम घातलेलं दूध, तिखट वर्ज्य, परदेशी बूट वर्ज्य, आणि पायात मामाच्या ओळखीच्या चांभाराकडून आणलेल्या जाड वहाणा.

"बदाम कुठल्या झाडाला लागत्यात?" आयेनं विचारलं.

"आनि तिखाट न खाता त्यो पळंल कशाला?" बा म्हणाला. "बसून ऱ्हाईल."

वहाणा घालून अण्णा एकदा खाचराच्या बांधावरून पळाला. परत आला तेव्हा एक वहाण हातात होती आणि दुसरी कुठं गेली ते त्यालाही माहीत नव्हतं. तो अनवाणीच धावायचं म्हणत होता. पण बूट घातल्याशिवाय शर्यतीत घेणार नाहीत असं कारकुनानं बजावलं होतं. शेवटी घरात ठरलं ते असं. बूट फक्त गाडीरस्त्यावर. रस्ता सोडला की बूट काढून हातात. पाऊलवाटांवर अनवाणी. आणि गार्डला दर आठवड्याला एकच सांगायचं: रस्त्यानं गेलो, रस्त्यानं आलो.

आमच्या भागाचा गार्ड भीमाप्पा म्हणून होता, घाटावरचा, कानडी बोलणारा, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला शेवटी 'री' लावणारा. जाडजूड, घामट, कमरेला पट्टा सैल. मला तो गोड बोलायचा म्हणूनच आवडत नसे. अण्णानं त्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं, रस्त्यानं गेलो. दुसऱ्या आठवड्यात तेच. भीमाप्पा म्हणाला, "तुझा रस्ता लई सरळ हाय री, सोमा." अण्णा हसला. मी घरी आल्यावर त्या वाक्याचे चार अर्थ काढून दाखवले.

भाद्रपदभर अण्णा पळाला. पहिल्या दिवसांत बुटांनी त्याच्या टाचा सोलून काढल्या. आये कोकमाचं तेल लावायची आणि साहेबाच्या आईचा उद्धार करायची. मग पायांनी बूट मान्य केले. मी देवळाच्या पारावर बसून त्याला कुळगीकडून येताना बघायचो. आधी भिजलेल्या रस्त्यावर चप चप चप असा आवाज, मग वळणावरून तो. तोंड मिटलेलं, खांदे सैल. मला या शर्यतीतलं काहीच मान्य नव्हतं, पण त्याला बघताना छाती भरून यायची. हा पहिला येणार हे गुंदमध्ये कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं.

नाचणी निसवली, कणसं मुठीसारखी वळायला लागली, आणि तेव्हा ते झालं. संध्याकाळची वेळ. अण्णा रस्त्यानं बूट घालून परत येत होता. वर कड्यामागं बा राखणीला एकटा. चोरून केलेल्या शेतात डबे वाजवून जनावरं हाकलता येत नाहीत. धोंडे मारायचे आणि वाडीला कळावं म्हणून शीळ घालायची. ती शीळ अण्णानं रस्त्यावर ऐकली. गवे आत शिरले होते. तो तसाच, रस्ता सोडून, सरळ चढावर धावत सुटला. बूट काढायचं भान राहिलं नाही. भान आलं ते शेताच्या दगडी कडेपाशी. तिथं मात्र तो थांबला, वाकला, दोन्ही बूट काढले, नीट जोडीनं दगडावर ठेवले, आणि मग आत शिरला.

कारण उभ्या पिकात पायताण घालून जायचं नसतं. गवे शेत तुडवत असताना, बा शीळ घालत असताना, माझ्या भावानं आधी पायातलं काढलं. आमच्यातल्या कुणीही काढलंच असतं. मी सुधारक, मी पत्रकवाला. मीसुद्धा काढलं असतं.

गवे गेले. अंधारायला लागलं तसे बा आणि अण्णा पलीकडच्या ओहळानं, नेहमीच्या वाटेनं खाली आले. बूट वरच राहिले. उजाडताच अण्णा पळत वर गेला. दगड रिकामा होता. रस्त्यापासून त्या दगडापर्यंत ओल्या मातीत चौकड्यांची रांग, न तुटता.

आयेनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुपारी भीमाप्पा आला, काखेत बूट. अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "रस्त्यावर पडल्यालं हुतं री. सरकारी माल हाय, संबाळा." आयेनं पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला, तोंड पुसलं, आणि कुणी विचारलेलं नसताना बोलू लागला. शर्यतीच्या दिवशी आपल्याला लई ताप आहे म्हणाला. सुप्यापासूनचे सगळे गार्ड रस्त्यावर उभे करणार, पाण्याची घागर घेऊन. "शेवटचा मानूस फुडं जाईपातुर जागा सोडायची न्हाई, सायबाचा हुकूम. डोंगराकडं बगायलाबी कुनी न्हाई त्या दिशी." मग पट्टा वर ओढला आणि निघून गेला.

मी बूट उलटे केले. रस्त्याची माती तांबडी. कुमरीची काळी, राखेची. तळव्याच्या चौकड्यांत तांबडं नव्हतं, काळंही नव्हतं. कुणीतरी काडीनं कोरून कोरून धुतले होते.

"त्यानं शेत बगितलं," बा म्हणाला.

"बगितलं तर बोलला का न्हाई?" अण्णा म्हणाला. "धुतलं कशाला? चांगला मानूस हाय त्यो."

माझं मत तयार होतं. सरकारच्या पगारावर चांगला माणूस! कोवळं पीक जाळून त्यांना काय मिळणार? पिकू देतील. आणि शर्यतीच्या दिवशी, वाडीतली सगळी माणसं कुळगीला टाळ्या वाजवत असताना, वर येतील. तो सगळे गार्ड रस्त्यावर म्हणाला ना? म्हणजे ते रस्त्यावर नसणार! आपण निर्धास्त व्हावं म्हणून बोलला. मी हे सांगत असताना बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला आणि मला ओरडून बोलावं लागलं, त्यामुळे ते जास्तच खरं वाटायला लागलं.

"मग आजच कापू," बा म्हणाला.

"दान्यात दूध हाय अजून," आये म्हणाली. "आज कापून काय कोंडा खायाचा?" ती इतका वेळ गेल्या सालची नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती माझ्याकडं वळली. "तू म्हनतोस त्यो खोटं बोलला. मानलं. पर गार्ड रस्त्यावर उभं असतील तर सगळ्यांना दिसतीलच की. दिसलं तर कापू, न्हाई दिसलं तर न्हाई. ह्यात तुझं पत्रक कुठं आडवं येतंय?"

मग ती अण्णाकडं वळली, आणि तिचा आवाज बदलला.

"सोमा, चार घरांचं शेत हाय. बायका कापनार, पलीकडच्या कपारीत न्हेऊन टाकनार. दीस लागंल. शेवटचा मानूस फुडं जाईपातुर म्हनला ना त्यो?"

अण्णानं मान डोलावली.

"त्यो शेवटचा मानूस तू व्हायाचं."

मी तोवर त्या शर्यतीला शंभर शिव्या दिल्या होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं, "आये, त्यो पयला येनार हाय!"

"आला तर कागद मिळंल. फुडल्या वर्साचा. तवर काय कागद भाजून खायाचा?"

अण्णा उठला आणि पावसात गोठ्याकडं गेला. बराच वेळ तिकडंच होता. परत आल्यावर म्हणाला, "हळू पळायचं तर तेबी शिकाय पायजे. साहेब घोड्यावर मागं असनार."

तो सराव कुठल्या कागदावर नव्हता. अण्णाला हळू जाताच येत नसे. चालतानाही तो आमच्या पुढं असायचा. आयेनं त्याला म्हशीबरोबर पाठवलं. म्हैस रस्त्यानं चालेल त्या चालीनं तिच्या शेजारून पळायचं, पळतोय असं दिसलं पाहिजे, पण म्हशीला मागं टाकायचं नाही. गुंदची माणसं पारावरून विचारायची, "काय सोमा, म्हशीलाबी आंगठा द्यायला लावलास काय?" अण्णा म्हणायचा, "जोडीला कुनी न्हाई म्हून." आणि बुटांचाही निकाल लागला. आतापर्यंत आम्ही त्यांना वाईट म्हणत होतो, आता तेच योग्य ठरले. आयेनं नाड्या काढून ठेवल्या आणि पुढच्या बाजूला चिंधी कोंबली. दोन दिवसांत टाच पुन्हा सोलली. लंगडण्याचं सोंग करावं लागणार नव्हतं.

कार्तिकातला तो दिवस कोरडा, लख्ख. बा कुळगीला गेला, दिसण्यासाठी. मी कड्याखाली एका करवंदीच्या जाळीत, जिथून रस्त्याचा बराच तुकडा आणि भीमाप्पाची जागा दिसत होती. गार्डनं जागा सोडली की मी शीळ घालायची. सकाळीच खाकी कपडे रस्त्याला येऊन उभे राहिले, दूरपर्यंत, प्रत्येकापाशी एक घागर. भीमाप्पा खरं बोलला होता. तरीही मला वाटत होतं, खरं बोलून तो काय साधतोय?

वर माझ्या पाठीमागं विळ्यांचा आवाज सुरू झाला, खस्स खस्स. एरवी कापताना गाणाऱ्या बायका त्या दिवशी मुक्या होत्या. ऊन चढल्यावर पहिले धावणारे आले, मग मधले. काही बूट हातात घेऊन. अण्णा नव्हता. मग बराच वेळ रस्त्यावर कुणीच नाही. पलीकडचा गार्ड भीमाप्पापाशी आला आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "संपलं की सगळं. चल, वरच्या झाडाखाली जरा पडू." वरचं झाड म्हणजे कड्याच्या तोंडाशी. मी दोन बोटं तोंडात घातली.

"एक ऱ्हायलाय री," भीमाप्पा म्हणाला.

"कोन?"

"हाय एक. आपल्या जाग्यावर जा. सायेब येतोय मागनं."

तो गेला. मी बोटं बाहेर काढली आणि सदऱ्याला पुसली. मग वळणावर अण्णा दिसला. लंगडत, मान खाली, आणि त्याच्या मागं घोड्यावर कंटाळलेला साहेब. अण्णा भीमाप्पापाशी थांबला आणि पाणी मागितलं. भीमाप्पानं दिलं. आणखी मागितलं. आणखी दिलं. अण्णा खाली बसला, बूट काढला, टाच बघितली.

तेवढ्यात गुंदकडून कारकून सायकल ढकलत आला, घामाघूम. साहेबाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि मग अण्णाकडं वळून मराठीत ओरडला, "अरे ऊठ! पुढचे सगळे ओढ्यावर बसलेत, पोटात गोळे आलेत एकेकाच्या. दोघंतिघंच चालताहेत, तेही रखडत. आता पळशील तर पहिला येशील!"

मी अण्णाची पाठ बघत होतो. ती ताठ झाली. त्यानं मान वर केली, रस्त्याकडं बघितलं, आणि त्याचे पाय त्याच्या अंगाखाली गोळा झाले, जसे गव्यामागं निघताना व्हायचे. माझ्यामागं विळे चालूच होते. निम्मं शेत अजून उभं होतं. तो गेला असता तर खालचे गार्ड एकामागून एक मोकळे झाले असते. मला ओरडता येत नव्हतं. आणि खरं सांगतो, ओरडता आलं असतं तर मी काय ओरडलो असतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

अण्णानं दुसराही बूट काढला. आत हात घालून एक खडा काढला, नसलेला. बूट पायात घातला. मग पहिला घातला. "पाय सुजलाय सायेब," तो म्हणाला, आणि भीमाप्पाकडं हात पसरला. "अजून जरा पानी." भीमाप्पानं घागर वाकवली आणि सावकाश, फार सावकाश, ओंजळीत धार धरली. साहेब त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि घोडा वळवून झाडाखाली सावलीत नेला.

अण्णा गुंदला पोचला तेव्हा देवळापुढची माणसं पांगली होती. परवाना एका मुकादमाच्या मेव्हण्याला मिळाला. त्यानं हातात कोयता कधी धरला नव्हता, आणि त्या कागदाखाली त्यानं नाचणी पेरण्याऐवजी सागवान पाडलं. हे मला कळलं तेव्हा मी तीन रकान्यांचं पत्रक लिहिलं. अण्णानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माजं नाव घालू नगंस त्यात." गावात त्याला पुढं कितीतरी वर्षं म्हशीचा जोडीदार म्हणत. त्यानं एकदाही कुणाला उलटून सांगितलं नाही.

मार्गशीर्षात भीमाप्पा वाडीवर आला. आयेनं त्याला नव्या नाचणीची भाकरी आणि आंबील वाढली. तो खात होता आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "भीमाप्पा, तुमी आमच्या बाजूचं की सरकारच्या?"

"गप, मेल्या," आये म्हणाली.

भीमाप्पानं आंबील संपवली, वाडगा पुढं केला. "भूक लागली हाय री," तो म्हणाला. "अजून वाडा." आयेनं वाढली. त्यानं अण्णाकडं बघितलं. "फुडच्या वर्षी बेस येईल तिथं. राख चांगली बसली हाय." कुठं, हे तो बोलला नाही.

तो तुकडा खरोखरच उत्तम होता आणि त्याचे अजून दोन हंगाम बाकी होते. पण पुढच्या वैशाखात बा आणि अण्णा कोयते घेऊन निघाले ते तिकडं गेले नाहीत. आणखी आत, दोन डोंगर ओलांडून, पाण्याला लांब आणि दगडांनी भरलेल्या उतारावर नवीन कुमरी तोडली. बा म्हणाला, "एकाला म्हाईत झालं म्हंजे झालं." मी त्याच्याशी पूर्ण सहमत होतो. त्या साली नाचणी निम्मी आली.

ते पीक यायच्या आधी, श्रावणात, भीमाप्पा पुन्हा आमच्या ओटीसमोर उभा होता, डोक्यावर इरलं, पाण्यानं निथळत. कड्याकडं बघत होता. त्यामागं जुन्या शेतावर दिंड्याच्या झुडपांची आणि करवंदीची हिरवी गर्दी माजली होती.

"यंदा तिथं काय न्हाई, री?" त्यानं विचारलं.

"कुठं?" बा म्हणाला.

भीमाप्पा बाच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग अण्णाकडं. अण्णानं खाली बघितलं. आयेनं पाण्याचा तांब्या आणला होता, पण तो घ्यायला भीमाप्पा थांबला नाही. पायवाटेनं रस्त्याकडं उतरताना त्याचा पट्टा नेहमीसारखा सैल होता, आणि तो त्यानं वर ओढला नाही.